चार नंबरच्या टाकीतली वाइन

शर्मिला कुणाच्या घरी गेली की पहिली पाच मिनिटं गप्प असते. मग सांगते, "तुमचं दाण्याचं कूट खवट व्हायला लागलंय," किंवा "काल दूध उतू गेलं होतं का?" नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या आम्हा मराठी बायकांना आता याची सवय झाली आहे. पुण्यात ती एका मसाला कंपनीच्या लॅबमध्ये होती. तिथे यंत्रं होती, तरी धण्यांचं पोतं ठेवायचं की परत पाठवायचं हे शेवटी तिला विचारूनच ठरायचं. तिचा नवरा अंबरीश आइंडहोवनच्या बाजूला एका चिप कंपनीत लागला आणि मुलीला घेऊन ती मागोमाग आली, त्याला अकरा वर्षं झाली.

एका जागी बसणं तिला जमत नाही. डच शिकली, पाळणाघरात नोकरी धरली, सोडली, एका बेकरीत सहा महिने काढले, तेही सोडलं. त्यात कोविड झाला आणि वास गेला. सात महिने काहीच नाही. परत आला तो भलताच. कॉफीला जळक्या रबराचा वास, फोडणी दिली की मळमळ. वर्षभरात सगळं जागेवर आलं, पण एकदा खोटं बोलताना सापडलेल्या माणसाकडे आपण जसं बघतो तसं ती स्वतःच्या नाकाकडे बघायला लागली.

ओइरस्खोत गावाच्या पुढे टून नावाच्या म्हाताऱ्याचा द्राक्षमळा आहे. बेस्टहून कालव्याच्या कडेने सायकलवर पस्तीस मिनिटं. टून आयुष्यभर डुकरं पाळायचा. साठीला त्याने ती विकली आणि रेताड जमिनीत द्राक्षं लावली, थंडीत आणि कमी उन्हात तग धरणारी, पांढऱ्या वाइनची. डुकरांच्या गोठ्यात आता स्टीलच्या टाक्या आहेत आणि त्यालाच ते तळघर म्हणतात. त्याची मुलगी लीसबेत बँकेतली नोकरी सोडून त्याच्या हाताखाली आली. मळा दोघांचाच. काढणीला गावातले लोक हौसेने येतात, दुपारी सूप पितात, संध्याकाळी एकेक बाटली घेऊन घरी जातात.

शर्मिला तिथे अशीच काढणीला गेली होती. भरलेल्या क्रेटपाशी थांबली, खालून एक घोस काढला आणि म्हणाली, "हा आतून कुजलाय." वरून तो चांगला टवटवीत होता. लीसबेतने तो फोडला तर आत बुरशी. पुढच्या महिन्यापासून आठवड्याचे तीन दिवस शर्मिला तळघरात काम करायला लागली. टाक्या धुवायच्या, दर महिन्याला प्रत्येक टाकीतला नमुना छोट्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवायचा, चव घेऊन वहीत लिहायचं. ती पीत नाही. तोंडात घेते, फिरवते, थुंकते. टूनला सुरुवातीला त्याची फार गंमत वाटायची.

तीन टाक्या टूनच्या होत्या. चौथी, सगळ्यात लहान, लीसबेतची. तिला सल्फाइट न घालता वाइन करायची होती. सल्फाइट म्हणजे वाइन टिकावी म्हणून घालतात ते. टून म्हणाला होता, "माझ्या तीन टाक्यांना हात लावू नकोस, चौथीत काय हवं ते कर." त्या टाकीसाठीची द्राक्षं लीसबेतने एकटीने निवडली, रस एकटीने काढला. लेबलसुद्धा स्वतः काढलं, वेलीखाली उभी असलेली टिटवी. आइंडहोवनच्या एका रेस्टॉरंटने ती वाइन आधीच मागून ठेवली होती. बाटल्या भरायचं यंत्र ट्रकवर बसवून येतं, त्याची तारीख अठरा मार्च ठरली होती.

जानेवारीत शर्मिलाने चौथ्या टाकीची चव घेतली. हिरवं सफरचंद, थोडं लिंबू, मीठ. थुंकली. वहीत लिहायला पेन उघडलं, आणि तोपर्यंत दहापंधरा सेकंद गेले असतील, तिच्या घशाच्या मागून आंबेमोहोर भाताचा वास आला.

तिचं माहेर मुळशीचं, ढमाल्यांचं. तिथे भात शिजायला लागला की अंगणात कळतं. तिने पुन्हा घोट घेतला. पुन्हा तसंच, आधी काही नाही, मग उशिरा भात. त्या आठवड्यात मुळशीला तिची आई न्हाणीघरात पडली होती. कंबरेला मार होता आणि जावं की नको यात शर्मिला दिवसभर फोन घेऊन फिरत होती. तिला वाटलं, आईची आठवण येतेय म्हणून नाकही तिकडे गेलंय. वास वाईटही नव्हता. खरं तर तिला तो हवाहवासा वाटला. वहीत तिने लिहिलं, "सफरचंद, लिंबू, स्वच्छ."

आई सावरली, जायची गरज पडली नाही. फेब्रुवारीत मात्र भाताचा वास बदलला. आधी शिळ्या भाताचा, मग कुबट, महिन्याच्या शेवटी सरळ उंदराच्या बिळाचा. तोही तसाच उशिरा यायचा आणि आला की जाता जायचा नाही. घरी जाताना कालव्याच्या वाऱ्यातही तोंडात तो असायचा. ती पाणी प्यायची, ब्रेड खायची, दात घासायची. ग्लास नाकाशी धरला तर मात्र काहीच नाही, त्यातून छान फळांचा वास येत होता.

त्याच आठवड्यात लॅबचा रिपोर्ट आला. आम्लता, साखर, अल्कोहोल, सगळं ठीक. लीसबेतने तो तळघराच्या दाराला चिकटवला. टूनने चौथ्या टाकीची वाइन भर दुपारी ग्लासभर प्यायली आणि मुलीच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "माझ्यापेक्षा चांगली झालीय." तो असं कधी बोलत नसे. शर्मिला शेजारी पाइप धुवत होती. तिने पाइप धुतला, गुंडाळला, पुन्हा उलगडून धुतला.

घरी तिचं कशात लक्ष लागेना. पोळ्या करता करता मध्येच थांबायची. मुलगी अपूर्वा सोळा वर्षांची, मराठी समजते पण उत्तर डचमध्ये देते. तिने विचारलं, "आई, तू सारखी थुंकतेस का?" शर्मिलाच्या लक्षातही आलं नव्हतं.

तिने शेवटी अंबरीशला सांगितलं.

"लॅबला सापडलं नाही, टूनला लागत नाही, लीसबेतला लागत नाही," तो म्हणाला. "फक्त तुला लागतंय."

"हो."

"आणि कोविडनंतर वास परत आला तेव्हा तुला सहा महिने कॉफीत रबर लागत होतं."

"तेच तर म्हणतेय ना मी. मलाच माझा भरवसा नाही."

अंबरीश मोजमापाचा माणूस. शनिवारी दुपारी त्याने जेवणाचं टेबल रिकामं केलं. ती चौथ्या टाकीची वाइन दुसऱ्या टाकीच्या वाइनशी लावून बघणार होती, तर तो म्हणाला, "ते नको, त्या दोन वेगळ्याच आहेत, तू दुसऱ्याच कशावरून तरी ओळखशील. एकच वाइन दे. जुनी आणि नवी." शर्मिलाने चौथ्या टाकीचे नोव्हेंबरचे आणि फेब्रुवारीचे नमुने आणले होते. तिला दुसऱ्या खोलीत बसवून त्याने तीन सारखे कप भरले, दोन एका महिन्याचे, एक दुसऱ्याचा. वेगळा कुठला ते तिने सांगायचं. असं आठ वेळा, मध्ये दहा दहा मिनिटं, पाणी आणि कोरडा टोस्ट. अपूर्वा कागदावर खुणा करत होती. अंबरीशने स्वतःही एकदा चाखून बघितलं. "मला तर सगळं सारखंच आंबट लागतंय," म्हणाला.

आठपैकी सात वेळा तिने बरोबर सांगितलं. पाचव्या वेळी चुकली, कारण आधीचा वास तोंडातून गेलाच नव्हता.

अंबरीशने कागद तिच्यापुढे सरकवला. "हे नशिबाने होत नाही."

तिला वाटलं होतं, खात्री झाली की बरं वाटेल. उलट आता गप्प बसायची सोयच उरली नाही. रविवारभर ती वाचत बसली. तेव्हा तिला कळलं की हा दोष जुना, माहितीतला आहे. वाइन आंबट असते तोवर तो वास तिच्यात दडून राहतो. तोंडात लाळ मिसळून आंबटपणा कमी झाला की मोकळा होतो. काही लोकांना तो कधीच जाणवत नाही. नेहमीच्या तपासणीत तो धरलाही जात नाही. आणि तो सुरुवातीला ज्या गोष्टीसारखा लागतो, त्या सुवासिक तांदळातही तेच द्रव्य असतं. हे वाचून ती उठली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली.

सोमवारी, बाटल्या भरायला आठ दिवस असताना, तिने लीसबेतला तळघरात गाठलं.

"चौथ्या टाकीत दोष आहे," ती म्हणाली. "भरू नकोस."

लीसबेत आधी हसली. मग शर्मिलाने सगळं सांगितलं तसा तिचा चेहरा उतरत गेला. "रिपोर्ट दारावर आहे," ती म्हणाली. "तू पीत नाहीस. तुला वाइन आवडत नाही. आणि तू मला सांगतेस?"

टून दारात येऊन उभा राहिला होता. "काय झालं?"

"शर्मिला म्हणते माझी वाइन उंदरासारखी लागते."

"मला काही लागलं नाही," टून म्हणाला. "घरी जा, शर्मिला. उद्या बोलू."

शर्मिला गेली नाही. पिशवीतून तिने खायच्या सोड्याची पुडी काढली. चौथ्या टाकीतली वाइन दोन ग्लासांत घेतली आणि एकात चिमूटभर सोडा टाकला. फेस आला, बसला. "आंबटपणा गेला की वास वर येतो," ती म्हणाली. "मी चुकत असेन तर उद्यापासून येणार नाही."

लीसबेतने हात पुढे केला नाही. ग्लास टूनने घेतला. त्याने हुंगलं, कपाळाला आठ्या पडल्या, पुन्हा हुंगलं. दुसरा ग्लास हुंगला. मग त्याने टाक्यांच्या मागच्या भिंतीकडे बघितलं. डुकरांच्या दिवसांत तिथे खाद्याची पोती असायची.

"उंदीर," तो म्हणाला. "इथे तीस वर्षं हाच वास होता." आणि ग्लास मुलीकडे दिला.

लीसबेतने एकदाच हुंगलं, ग्लास खाली ठेवला आणि बाहेर गेली.

अठरा मार्चला ट्रक आला. टूनच्या तीन टाक्या भरल्या. चौथी तशीच राहिली. एप्रिलच्या सुरुवातीला ती दारू गाळणाऱ्या एका माणसाकडे गेली. टिटवीची लेबलं खोक्यात बंद झाली. रेस्टॉरंटला फोन लीसबेतने केला. शर्मिला कामाला जात राहिली, पण लीसबेत तिच्याशी कामापुरतंच बोलायची, तेही फळ्यावर लिहून. टून मध्ये पडला नाही. शर्मिलाला वाटायचं, खरं बोलल्याची ही शिक्षा आहे, आणि आतून तिला थोडा रागही यायचा.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लीसबेत सायकलने बेस्टला आली. आधी न कळवता कुणाकडे जायची इथे पद्धत नाही, म्हणून दार उघडताना शर्मिला गोंधळली. तिने चहा टाकला. लीसबेत स्वयंपाकघरातल्या स्टुलावर कोट न काढताच बसली.

"तुला पहिल्यांदा कधी जाणवलं?"

शर्मिला चहा गाळत होती. "जानेवारीत."

"मला वहीवरून वाटलंच होतं. जानेवारीत तू तीनच शब्द लिहिलेस, शेवटी 'स्वच्छ'. नेहमी तू पाच ओळी लिहितेस."

शर्मिलाने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला.

"जानेवारीत कळलं असतं तर मी सल्फाइट घातलं असतं," लीसबेत म्हणाली. "कदाचित तेवढ्यावर थांबलं असतं, कदाचित नसतं. पण ते मी ठरवलं असतं. मला राग सांगितल्याचा नाही आला. सात आठवडे तू माझ्या शेजारी उभी होतीस, त्याचा आला."

"मला वाटलं माझाच दोष आहे. नाकाचा."

"मग तसं सांगायचं. खात्री नाही, पण असं वाटतंय, असं. मी तरी कुठे खात्री असलेली कामं करते?"

शर्मिलाने हे सगळं मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "आयुष्यभर मी पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडलं नाही. पुण्यात तेच तर माझं नाव होतं." लीसबेतने चहा संपवला, कप विसळला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी शर्मिला टूनकडे गेली आणि काम सोडते म्हणाली. टून वेलींच्या डहाळ्या बांधत होता. त्याने वर न बघता सांगितलं, "मे महिन्यात थंडी परत पडते. ती सरेपर्यंत माणसं मळा सोडून जात नाहीत." तिला तो नियम खरा की त्याने तेव्हाच केला, हे आजवर कळलेलं नाही. ती राहिली.

उन्हाळा तसा बरा गेला. सप्टेंबरात काढणी झाली. लीसबेतने या वेळी सल्फाइटशिवाय फक्त दोन काचेच्या बरण्या भरल्या, हातात उचलता येतील एवढ्या. शर्मिलाची वही आता ओळींनी गच्च भरलेली असते, त्यातल्या निम्म्या "वाटतंय" ने संपतात. कधी कधी लीसबेत वैतागते. नुसत्या शंकेपायी गेल्या महिन्यात तिने दोनदा पाइप बदलले आणि दोन्ही वेळा काही निघालं नाही. शर्मिलाला त्या दोन्ही रात्री झोप लागली नाही, आता आपण खोटा आरडाओरडा करणाऱ्यातल्या झालो की काय म्हणून.

मागच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे नाश्त्याला गेलो होतो. मिसळ होती. शर्मिला दोनदा उठली, दोनदा बसली. मग फोन घेऊन जिन्याशी गेली. दार उघडं होतं, त्यामुळे ऐकू आलं.

"लीसबेत, रविवार आहे माहीत आहे. काल दुसऱ्या बरणीत मला काहीतरी लागलं. काय ते सांगता येत नाही. खात्री नाही."

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. शर्मिला आत आली, सायकलची किल्ली शोधायला लागली आणि मिसळ झाकून ठेवा म्हणाली.