वकीलसाहेब पाणी प्यायचे तेव्हा

वकीलसाहेबांचा हात सदा कुणाच्या तरी खांद्यावर असायचा. मानवतच्या बाजारात किंवा एसटी स्टँडवर आमच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतला माणूस दिसला की ते त्याला गाठत, खांद्यावर हात टाकत आणि चार लोकांना ऐकू जाईल असं विचारत, "काय म्हणायलेत तुमच्याकडं?" त्यांच्या भावकीतले लोक तोंड फिरवत. साहेबांना तेच हवं असायचं.

घर जमीनदाराचं, पण प्रत्येक सभेत त्यांची एक गोष्ट ठरलेली. रझाकारांच्या काळात त्यांच्या वडिलांना शोधत माणसं आली, तेव्हा लहानगे वकीलसाहेब पोखर्णीजवळच्या आमच्या गावात, आमच्या झोपडीत लपले. माझ्या आजीनं त्यांना जगवलं. "माझ्या रक्तात या घरची भाकर आहे," ते सांगत, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवत असे. जात मोडा म्हणणारं पहिलं पत्रक त्यांनीच माझ्या हातात दिलं होतं. म्हणाले होते, "पाठ करू नको. त्याच्याशी भांडून बघ."

आमच्या घरी आले की ते पाणी मागून घेत. मान मागे टाकत आणि पेला ओठांपासून वीतभर वर धरून धार तोंडात सोडत. मला ती त्यांची ऐट वाटायची. पुढे मी त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडू लागलो. पालमला एका देशमुखाच्या ओसरीवर त्यांना पाणी आलं, तेव्हा त्यांनी पेला सरळ ओठांना लावला. घरी येऊन मी आईला हे सांगितलं. चुलीपुढून मान न वळवता ती म्हणाली, "आत्ता ध्यानात आलं व्हय तुझ्या? आमी कवापासून बघायलोत." मग म्हणाली, "बोलू नको त्यांना. तेवढंच एक माणूस येतंय आपल्या दारात."

मी बोललो नाही. बहात्तरचा दुष्काळ पडला. रस्त्याच्या कामावर आमच्या शेजारी बागायतदारांची पोरंही खडी फोडायला बसली. साहेब म्हणाले, दुष्काळानं जात मोडली. माझी बहीण शांता पोटुशी होती, दिवस भरत आले होते. हातोडा तिला उचलवत नव्हता. पाणी वाटायचं काम हलकं, म्हणून साहेबांनी मुकादमाशी भांडून तिला पाण्यावर लावलं. शेतकरी कुरकुरले. "पहिला पेला मी पितो," साहेब म्हणाले, "मग बघू कोण न्हाई म्हणतं ते."

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. हातोडे थांबले. शांतानं राखेनं लख्ख घासलेला पितळी पेला पुढे केला. साहेबांनी तो घेतला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मान मागे टाकली आणि वरून धार सोडली.

एक म्हातारा शेतकरी हसला. "साहेब, तुमीच भांड्याला तोंड लावंनात, आन् आमाला सांगायलात व्हय?" त्यानं स्वतःचा तांब्या उचलला आणि तो चालू लागला. त्याच्या मागे बाकीचे निघाले. दुपारपर्यंत शांता पुन्हा खडीवर बसली होती. तिचं बाळ जगलं नाही. खडीमुळंच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. शांता म्हणते.

"असं कसं झालं?" साहेब वाटेत विचारत होते. "मी तर प्यालो. सगळ्यांदेखत प्यालो."

ते खोटं बोलत नव्हते. आपली मान काय करते हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि माझी आग व्हायची ती त्यानंच. तोंडावर शिवी देणाऱ्याशी भांडता येतं. याच्याशी कसं भांडायचं? तरी मी त्यांना सगळं सांगितलं, पालमच्या पेल्यासकट. ते पांढरेफटक पडले. "माझ्या रक्तात तुमच्या घरची भाकर हाय," ते म्हणाले, "आन् तू मला हे शिकवायलास?" माझ्या खांद्यावरचा हात त्यांनी काढून घेतला.

घरी येऊन मी आजीला विचारलं, तू त्यांना भाकर कशी द्यायचीस?

"कशी म्हंजी? वरून टाकायची, त्यो झेलायचा. पाणीबी वरूनच. पाखराच्या पिलावाणी वर आ करून बसायचा बिचारा. मालकाचं लेकरू, शिवलं आन् बाटलं तर? मला लय भ्याव वाटायचं. त्यालाबी वाटत आसंल."

आम्ही इतकी वर्षं ज्या गोष्टीला टाळ्या वाजवल्या, ती ही अशी. भाकर त्यांच्या भाषणात राहिली आणि तिचं वरून पडणं त्यांच्या मानेत राहिलं.

त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो नाही. गेलो तो परभणीच्या दवाखान्यात, ते अंथरुणाला खिळले आहेत असं कळल्यावर. त्यांच्या पत्नी पेला ओठांना लावून त्यांना घोट घोट पाणी पाजत होत्या. मग त्या औषध आणायला खाली गेल्या. साहेबांनी मला ओळखलं. "आलास," म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी पाणी मागितलं.

मी तोच पेला उचलला आणि त्यांच्या ओठांजवळ नेला. त्यांनी उशीवर मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि तसेच वाट पाहत राहिले. ओठ कोरडे पडले होते. त्यांनी दिलेल्या सगळ्या पत्रकांत यावर एक ओळ नव्हती. त्यांचा हात चाचपडत माझ्या खांद्यावर आला.

मी पेला वर उचलला आणि वरून धार सोडली.