पिवळ्या दोऱ्याची वायर

गाडीत एक अॅम्प्लिफायर बसवणं सोपं. दोन बसवायचे म्हटले की खरी परीक्षा. दारातल्या स्पीकरांना एक, मागच्या मोठ्या वूफरला दुसरा, अन् दोघांनाही करंट पुढच्या एकाच बॅटरीतून. म्हणून बॅटरीपासून वीतभर अंतरावर प्रत्येक वायरीला फ्यूज पाहिजे म्हणजे पाहिजेच. वायर कुठं पत्र्याला घासली, तर फ्यूज उडतो अन् गाडी वाचते. देऊळगाव राजातल्या माझ्या दुकानात हे मीच धाकट्या भावाला शिकवलं. शिकवणारा मी, अन् विसरणाराही मीच.

भावाचा हात माझ्यापेक्षा साफ होता. अर्थिंगची जागा तो पत्रा चकाकेपर्यंत घासायचा. दोन्ही अॅम्प्लिफायरची अर्थिंग एकाच जागी घ्यायचा, त्यामुळे इंजिनाची कुंईकुंई गाण्यात शिरायची नाही. माझं काम दणकट, पण घाईचं. नेमाची सवय एकच. आई गोधड्या शिवायची, तिच्या पिवळ्या दोऱ्यानं मी वायर जागोजागी बांधायचो. टेपचा काय भरवसा, उन्हात सुटतो. भाऊ हसायचा, म्हणायचा, "दादा, गाडी आहे का गोधडी?"

लग्न झाल्यावर त्यानं समोरच दुकान टाकलं. मधे फक्त रस्ता. हळूहळू गिऱ्हाईक तिकडं वळलं. कानामागून आली अन् तिखट झाली, असं मी चहाच्या टपरीवर चारचौघांत बोलून दाखवायचो. खोटं काऊन सांगू, जळफळाट व्हायचा माझा.

एका बागायतदाराच्या जीपमध्ये पहिला अॅम्प्लिफायर मी बसवला होता. त्या दिवशी दुकानात फ्यूजचा डबा रिकामा होता. पुढच्या खेपेला लावू म्हटलं, अन् राहून गेलं. दोन वर्षांनी त्याला वूफर पाहिजे झाला. तेव्हा तो भावाकडं गेला. भावानं दुसऱ्या अॅम्प्लिफायरसाठी बॅटरीपासून स्वतःची जाड वायर ओढली.

महिनाभरात जालन्याहून येताना त्या जीपच्या बोनेटमधून धूर निघाला. बागायतदाराची बायको अन् पोरगी आत होत्या. उड्या टाकून वाचल्या, पण पोरीच्या हाताला चटका बसला. जीप ओढून माझ्या दारात आणली. दहा-बारा माणसं गोळा झाली. मी बोनेट उघडलं अन् आत वाकलो.

भावाची वायर नुसती धुरानं काळी पडली होती, तिचा फ्यूज शाबूत होता. जळून कोळसा झालेली वायर दुसरी होती. तिच्यावर एका ठिकाणी पिवळ्या दोऱ्याची गाठ तशीच राहिली होती.

मागून बागायतदार ओरडला, "कोनाचं पाप हाय हे?"

मी म्हणालो, "माझा एकच होता तवा दोन वर्षं काही झालं नाही. दुसरा मी नाही बसवला."

एक शब्द खोटा नव्हता. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, असंही नव्हतं. मी तोलून-मापून बोललो होतो. त्याची लाज मला आज जास्त वाटते.

गलका ऐकून भाऊ रस्ता ओलांडून आला. वाकला, बराच वेळ पाहत राहिला. लोक त्याला नाही नाही ते बोलत होते. "पोरीचा जीव घेतला असता बे तू," कोणीतरी म्हणालं. त्यानं मान वर करून एकदा माझ्याकडं पाहिलं, अन् रस्ता ओलांडून आपल्या दुकानात गेला. मला वाटलं, त्याला कळलं नाही. ती वायर मी त्याच दिवशी कापून भंगारात टाकली.

गावभर झालं. दोन महिन्यांत भावाचं शटर पडलं. तो जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात लागला. दर दिवाळीला यायचा, माझ्या पाया पडायचा. मी आशीर्वाद द्यायचो अन् ताटावरून लवकर उठायचो.

परवा तोच बागायतदार नवी गाडी घेऊन आला. चावी काउंटरवर ठेवून म्हणाला, "दोन अॅम्प्लिफायर टाका. पण तुमीच करा बरं. तुमच्या भावासारखं जाळू नका."

मी हातातली पक्कड काउंटरवर ठेवली. म्हणालो, "ती वायर माझी होती. फ्यूज मी लावला नव्हता. त्याचं काम चोख होतं."

त्यानं चावी उचलली. "अन् आमी त्या मानसाले काय काय बोललो," एवढंच म्हणाला अन् गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी जालन्याला गेलो. कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या गाड्यापाशी भाऊ भेटला. हातांवर भाजल्याचे डाग होते. मी सगळं सांगितलं. बोलताना रडू आलं, ते आवरलं नाही.

तो चहावर फुंकर घालत म्हणाला, "मले तवाच माईत होतं, दादा. पिवळा दोरा पाहला ना मी."

"मंग बोलला काऊन नाही?"

त्यानं कप खाली ठेवला. "दोन महिने दुकान उघडं ठेवलं होतं ना मी. गिऱ्हाईक एक नव्हतं. रोज समोर पाहत बसायचो, आज दादा रस्ता ओलांडून येईल म्हनून."