रविवारी तोडलेला सुरू

माझे वडील केरू माळी, आमचे दादा, झाडांच्या बाबतीत भारी तोऱ्यात असायचे. रोज सकाळी पंचवटीतून गंगेचा पूल ओलांडून ते मिशनच्या मुलींच्या शाळेत बागकामाला जात. नाताळचं झाड निवडायचा मान त्यांचाच. कुंपणाच्या सुरूच्या झाडांमधला दाट, सरळ शेंड्याचा एक ते दिवाळीतच हेरून ठेवत. शाळेच्या मडमेचा हुकूम ठरलेला: नाताळच्या सकाळीच तोडायचा आणि लगेच पाण्याच्या बादलीत उभा करायचा. सुकलेला सुरू मेणबत्त्यांनी भडकतो.

पस्तीस साली नाताळ नेमका अमावास्येला आला. अमावास्येला ओल्या झाडावर कुऱ्हाड? छे! दादांनी रविवारीच तो तोडला आणि कुणाला दिसू नये म्हणून लाकडांच्या खोपटात दडवला, पाण्याविना. बुधवारी सकाळी वर पाणी शिंपडून बादलीत उभा केला.

मेणबत्त्या लावायचं काम शाळेतल्या फुलाबाईंचं. त्यांनी विचारलं, “आजच तोडलात ना, केरूभाऊ?”

“तर काय! सकाळीच.”

संध्याकाळी मुली गात असताना एका फांदीने पेट घेतला आणि बघता बघता सगळा सुरू धडधडला. फुलाबाईंनी मुलींना मागे लोटलं आणि जळतं झाड हातांनीच ओढत अंगणात नेलं. दोन्ही तळहात पोळले. वर मडम त्यांच्यावरच कडाडली, “मेणबत्ती फांदीला टेकवून लावलीस!”

दादा तिथेच उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. नोकरी जाईल ही भीती, असं पुढे मला म्हणाले. मला अजून चीड येते. म्हणे झाडांचे जाणकार! त्यानंतर वर्षभर ते फुलाबाईंना चुकवत शाळेत मागच्या दाराने जात आणि त्यांच्या ओट्यावर पेरू ठेवून गुपचूप निघून येत.

पुढच्या डिसेंबरात फुलाबाईच आमच्या घरी आल्या. तळहातांची कातडी आखडलेली. म्हणाल्या, “केरूभाऊ, यंदा मेणबत्त्या दुसरं कुणीतरी लावेल. एवढं जपून निवडलेलं तुमचं झाड माझ्या हातून जळालं. वर्षभर तोंड दाखवायची लाज वाटत होती. माफ करा.”

“जाऊ द्या, फुलाबाई,” दादा म्हणाले. “होतं असं.”

हे मला त्यांनी फार उशिरा सांगितलं, फुलाबाई गेल्यावर. सांगताना भिंतीकडे बघत होते.

“मी त्यांना माफ केलं गं, पोरी,” ते म्हणाले. “मी!”