पाणी उरतं

परवा पेणच्या बाजारात दुकानदारानं जाड्या मिठाचं पोतं उसवलं. तो ओलसर, किंचित चिखलाचा वास नाकात शिरला आणि मी कितीतरी वर्षं मागे, खाडीकाठच्या एका शाळेच्या वर्गात जाऊन उभी राहिले. मी रोह्याची, खाडीकाठाला नवखी. त्या शाळेत नुकतीच विज्ञान शिकवायला लागले होते. खिडकीतून मिठागरातले पांढरे ढीग दिसत, आणि बाष्पीभवन समजावताना मी फळ्यावर चहाची किटली काढत असे. आज त्याचं हसू येतं. तेव्हा मात्र किटलीला वाफ किती छान जमली, याचंच कौतुक होतं.

खारं पाणी उन्हात ठेवलं तर पाण्याचं काय होईल, असं मी विचारलं. मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी उठली. तिचे आईबाप मिठागरावर राबत.

"पानी उरतं, बाई."

"चूक. कसं उरेल?"

"उरतं. मना ठाव हाय. रोज बघतंय मी."

वर्गात कुणी हसलं नाही. मला वाटलं, कुणालाच येत नाही. मी तिला हट्टी म्हटलं आणि तास संपेपर्यंत उभं ठेवलं. ती उभी राहिली, पण मान काही खाली घातली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई थेट कामावरून आली. पोटऱ्यांवर मीठ वाळून पांढरं झालेलं. ती पायरीवरूनच म्हणाली, "बाई, पाखरू उरतं ना आभालात? तसा पानी उरतं. तुमाला कलला नाय, त्यात माजे पोरीचा काय चुकला?"

उडतं! त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो. झाडाला झार, साडीला सारी. हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, एकट्या मला नव्हतं. माझ्या पदवीला त्या बाईनं तीन वाक्यांत जमिनीवर आणलं. सुट्टी संपल्यावर वर्गासमोर मी म्हणाले, "काल चूक माझी झाली. उत्तर बरोबर होतं." मुलगी हसली नाही. तिनं फक्त वही उघडली.

सहामाहीत तिनं तेच लिहिलं : पाणी उरते. मी पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापकांनी पेपर पुढ्यात टाकला. "गुण कापा. अशानं भाषा बिघडेल पोरांची."

"पेपर विज्ञानाचा आहे, सर. विज्ञान तिला येतं."

"मग मी कापतो."

"कापा. पण खाली सही तुमची करा. माझी नाही."

त्यांनी कापले, सहीही केली. मी काही जिंकले नाही. वर्षअखेर माझी बदली झाली. पण तोवर फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहायची सवय वर्गाला लागली होती; पुस्तकातला एक, घरचा एक. मुलगी प्रश्न विचारू लागली होती, तेही माझी पंचाईत होईल असे. पुढे ती धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत लागली, असं ऐकलं. त्याचं श्रेय माझं नव्हे. तिला सगळं आधीच ठाऊक होतं.

आता त्या गावातली मुलं पुस्तकासारखं बोलतात म्हणे. बोलोत बापडी. पण घरची बोली दाराबाहेर ठेवून या, असं ज्या वर्गात सांगतात, त्या वर्गाला मी अजून शाळा म्हणत नाही. आपल्याला ऐकू आलं नाही, म्हणून मूल मुकं ठरत नाही. वय झालं, पुष्कळ मतं गळून गेली. हे एवढं मात्र कुणी कितीही कापलं तरी मी सोडलेलं नाही.