राजपुत्राच्या पाच बहिणी

चिनीकाका दात उपटण्याआधी माणसाचं खानदान विचारत. "बहिणी किती रे तुले? नावं सांग." पेशंट "शांता" म्हणायला तोंड उघडी की चिमटा आत, आणि दुसऱ्या बहिणीचं नाव येण्याआधी दात बाहेर! मोहगावपासून बोरगावपर्यंत कोणाला किती बहिणी, हे तहसीलदारापेक्षा काकांना जास्त ठाऊक होतं.

सौंसरच्या बसस्टँडमागे त्यांची खोली. जन्म कलकत्त्याचा, रक्त चीनचं, बायको मोहगावची, आणि बोली अशी की सासूनं त्यांच्याकडून वऱ्हाडी शिकावी. त्यांचे आजोबा चीनच्या बादशहाच्या घराण्यातले राजपुत्र होते. हे मी फुगवून सांगत नाही. फुगवलेलं पुढे येईल.

जेवायला बसले की पहिल्या घासाआधी काका पाच नावं पुटपुटत. मी एकदा विचारलं, "कोणता देव आळवून राहिले, काका?"

"देव नाही बे. आजोबाच्या बहिणी. राज्य गेलं तवा त्या तिकडंच राहिल्या. आजोबा रोज नावं घे. नाव घेतलं की त्याही जेवतेत."

सौंसरात रंगीत टीव्ही नुकता आला होता, त्या वर्षी काकांचा खोकला वाढला. त्यांनी मला बोलावलं. "मास्तर, मले मराठी लिवता-वाचता येत नाही, लीलीले चिनी समजत नाही. आजोबाची गोष्ट लिवून दे तिच्यासाठी. सांगतो तसंच लिव." लीला त्यांची एकुलती एक मुलगी. मी दोनशे पानी वही आणली आणि दहा रविवार त्यांच्यासमोर बसलो.

पण काय ती गोष्ट! राजपुत्र घराण्याच्या आडफांदीवरचा. घोड्याला भिणारा. गादी गेल्यावर अंगरख्याची बटणं एकेक करून विकणारा. कलकत्त्यात जोडे शिवणारा, आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घेताना रडलेला. हा काय राजपुत्र झाला? मी त्याला चाळीस हत्ती दिले. एका थापडीत वाघ मारायला लावला. तीनशे पासष्ट राण्या दिल्या, रोज एक, आणि लीप वर्षाची सोय म्हणून एक जास्तीची. लिहिलेलं पान संध्याकाळी चहाच्या टपरीवर वाचून दाखवायचो. लोक बाकावरून खाली पडत. त्या हसण्यानं माझी लेखणी सुसाट सुटली होती.

एका रविवारी काकांनी बहिणींची नावं सांगितली. प्रत्येक नाव तीनदा, सावकाश, मध्ये खोकत. उच्चार कठीण होते आणि माझे हत्ती मिरवणुकीत ताटकळले होते. मी 'राजपुत्राला पाच बहिणी होत्या' एवढं लिहून पुढे गेलो.

"नावं लिवली ना?"

"लिवली ना, काका."

त्यांनी वही मांडीवर घेतली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हेच का?"

मी हो म्हणालो. बोटाखाली वाघ होता.

त्या ओळीवरून त्यांनी बोट दोनदा फिरवलं आणि वही मिटली. महिन्याभरात काका गेले.

पुढे लीला लग्न होऊन पांढुर्ण्याला गेली. दोनेक वर्षांनी मी तिच्याकडे गेलो, तेव्हा दुपारची पानं मांडलेली होती. प्लास्टिकचं कव्हर घातलेली वही तिनं माझ्यापुढे ठेवली.

"मास्तरकाका, बाबा जेवताना नावं घेत ना, ती कोणत्या पानावर आहेत? लहानपणी मी त्या नावांले हासत होती, म्हणून ध्यानात नाही राहिली. वही चारदा वाचली, सापडूनच नाही राहिली."

हजार थापा मारलेली जीभ माझी. तिला त्या वेळी एकही सुचली नाही. "लीले, मी लिवलीच नाहीत."

"आता आठवतात का?"

मी डोळे मिटून आठवू लागलो. चाळीसही हत्ती आले. नाव एकही आलं नाही. मी मान हलवली.

ती वही पुसत म्हणाली, "वाघ वाचला तवाच मले वाटलं होतं. बाबाचे आजोबा मांजरीले भेत." तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. मी हात घालणार, तोच म्हणाली, "थांबा जरा, काका."

तिचा नवरा थांबला होता, मांडीवरची पोर थांबली होती. पाच नावं घ्यायला लागतो तेवढा वेळ ते घर ताटावर हात धरून गप्प बसलं. मग लीला म्हणाली, "जेवा."