एटी मीटरवर स्टँड बाय

हवालदार सखाराम राव आणि मी सिग्नल्समध्ये एकाच डोंगरी चौकीवर होतो. मी रेडिओ मेकॅनिक, तो ऑपरेटर. मी कुंभकोणमचा, तो जवळच्या गोविंदपुरम्‌चा. आमची तंजावरी मराठी ऐकून साताऱ्याचे जवान म्हणत, "आला, गडावरून खलिता आला." सखाराम शांतपणे विचारी, "वाचायास येते काय?"

चौकीवर कामाची वाटणी ठरलेली होती. सेटच्या आतलं सगळं माझं, बाहेरची चमक त्याची.

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो; सखारामही पेन्शनीवर गावी आला. कुंभकोणमला माझ्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचं, स्टेशन उभारलं. त्यात सेट आणि अँटेना जुळवणारा अँटेना ट्यूनर होता. ट्यूनरमध्ये चांदीचा मुलामा दिलेल्या तारेची कॉइल असते आणि त्या तारेवरून एक लहान चाक फिरतं. बँड, म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा, बदलला की चाक पुढे-मागे न्यायचं. चाक तारेला टेकतं त्या बिंदूतून सगळी वीज जाते. तिथे स्पिरिटनं पुसायचं, वाळू द्यायचं आणि ग्रीस लावून पुसून टाकायचं. उरेल तेवढा थर पुरे. कोरडं राहिलं तर धातू धातूला खातो, जास्त झालं तर धूळ बसते. चांदी काळपट दिसली तरी घासायची नाही. हे काम मी एकटा करत असे.

खंडेनवमीला, म्हणजे इकडच्या आयुधपूजेला, मी पुण्याला मुलीकडे होतो. स्टेशनची पूजा सखारामनं केली. परत आलो तेव्हा सेटवर चंदनाचं बोट होतं आणि नॉब चकाकत होते. इतर हौशी स्टेशनांशी आमचं रोजचं बोलणं फोर्टी मीटरच्या बँडवर चाले. ट्यूनरचं चाक हलवायची वेळ आली नाही.

नोव्हेंबरात वादळाचा इशारा आला. किनाऱ्यावरच्या एका गावात लोकांना शाळेत हलवलं होतं. सखाराम बॅटरीवरचा सेट घेऊन तिकडे निघाला.

"ओल्या केबलला हात लावू नको," मी म्हणालो.

"मी ऑपरेटर, साहेब. हात घालणारे तुम्ही. जाऊन येतों."

दुपारी मोबाइल बंद पडले. आमचा संपर्क चालू राहिला. त्यानं माणसांचा आकडा दिला, दूध पावडर मागितली. सूर्यास्तानंतर फोर्टी मीटरवर त्याचा आवाज विरू लागला. जवळच्या अंतराला रात्री एटी मीटरचा बँड लागतो. मी ऑर्डर दिली.

"एटी मीटरवर जा. माझ्या कॉलसाठी स्टँड बाय. ओव्हर."

"विल्को. एटी मीटर, स्टँड बाय. आउट."

आता माझा कॉल येईपर्यंत तो सेटवरून हलणार नव्हता. मी चाक फिरवलं. मीटरचा काटा थरथरला आणि ट्रान्समीटर आपोआप बंद झाला. दुसऱ्यांदाही तेच. एवढ्यात तालुका कार्यालयाचा माणूस जिना चढून निरोप घेऊन आला : नदीचं पाणी त्या बाजूला येत आहे, शाळा लगेच रिकामी करा.

मी झाकण उघडलं. कॉइल लखलखत होती. तिला पितळेचं पॉलिश लावून घासलं होतं. ग्रीस गेलं होतं, मुलामा जागोजागी गेला होता, वेढ्यांमध्ये पांढरी पूड बसली होती. चाक अडकत होतं. हे कोणाच्या हातचं काम, ते विचारावं लागलं नाही.

रिसीव्हरवर तो क्षीण ऐकू येत होता. "कुंभकोणम, स्टँडिंग बाय. ओव्हर."

मी पूड काढली, स्पिरिट लावलं, ग्रीस लावलं. एका जागी चाक टेकलं आणि ट्रान्समीटर चालू राहिला. तोवर त्याचा आवाज थांबला होता. माझ्या कॉलला उत्तर आलं नाही.

शाळेचे हेडमास्तर नंतर भेटले. पाणी आत आल्यावर त्यांनी सगळ्यांना वादळ-निवाऱ्यात नेलं. तिकडे गेलेले सगळे वाचले. त्यांनी सखारामलाही बोलावलं होतं. तो म्हणाला, "ऑर्डर स्टँड बायची आहे. साहेब बोलावतील."

सखारामच्या तेराव्याला मी गोविंदपुरम्‌ला त्याच्या घरी गेलो. त्याच्या पत्नीनं, रखमाबाईंनी, एकच विचारलं.

"त्यांचा सेट बिघडला होता काय?"

"नाही. त्याचा सेट शेवटपर्यंत चालू होता."

एवढंच सांगितलं. ते खरं होतं.

ट्यूनरमध्ये आता नवी कॉइल आहे, काळपट. खंडेनवमीला चंदन झाकणावर लागतं. सूर्यास्तानंतर मी एटी मीटरवर जातो, हवालदार सखाराम राव हे नाव घेतो आणि राहिलेली ऑर्डर देतो : स्टँड बाय रद्द, क्लोज डाउन. उत्तर अपेक्षित नसेल तर शेवटी 'आउट' म्हणायचा नियम आहे.

मी 'ओव्हर' म्हणतो.