मेहुण्याची प्रेस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही हसाल. शहागडपासून राजूरपर्यंत माझ्या थापा ऐकल्या नाहीत असा माणूस सापडायचा नाही. एका बुक्कीत बैल बसवला, गोदावरीत ट्रक पोहताना पाहिला — सगळं सांगून झालंय. उस्मान मिस्त्रीच्या बोटांची गोष्टही शंभरदा सांगितली, लोक पोट धरधरून हसले. पण ती तशी घडलीच नव्हती.

जिल्हा नवा नवा झाला होता. शाळांना लोखंडी बाकं हवी होती, आणि टेंडर फक्त नोंदणीवाल्या लघुउद्योगांनाच भरता येत होतं. नवीन जालन्यात माझं शेड होतं — म्हणजे चार पत्रे, एक वेल्डिंग मशीन आणि माझं तोंड! पक्क्या नोंदणीआधी उद्योग खात्याचे साहेब येऊन यंत्रं चालताना पाहणार. पट्ट्या कापायची पॉवर प्रेस माझ्याकडं कुठली? मंग मेहुण्याची आणली, एका दिवसापुरती. हिरवा रंग फासून माझी करून टाकली. सोबत त्याचा मिस्त्री आला, उस्मान. पाच वक्ताचा नमाजी, मऊ बोलणारा.

एकच अडचण होती. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसच्या तोंडावर जाळी असते. मेहुण्यानं हौसेनं त्या जाळीवर आपल्या कारखान्याचं नाव जाडजूड अक्षरांत वेल्ड करून घेतलेलं. रंगानं झाकेना. मी जाळीच काढून टाकली.

उस्मान म्हणाला, "सेठ, जाळीबिगर मी हात लावत न्हाई."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. पुन्हा एक. मानगूट धरून स्टुलावर बसवलं, कारण जीप दारात आली होती. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मला दिसत नव्हते का? दिसत होते.

साहेबांनी चार पट्ट्या पडताना पाहिल्या, मान हलवली आणि कागद भरायला आतल्या खोलीत गेले. काम तिथंच संपलं होतं. मीच ओरडलो, चालू ठेव म्हणून — साहेबाच्या कानावर कारखान्याचा आवाज पडला पाहिजे ना!

पाचव्या पट्टीला चार बोटं गेली. रक्त पत्र्यावर उडालं, माझ्या तोंडावर उडालं. त्याची किंकाळी — इथं मी नेहमी काहीतरी जोडतो. आज जोडत नाही.

माझे दोन कामगार रिक्षा आणायला पळाले. आतून साहेबांचे बूट वाजले. ते दारात येईपर्यंत, तेवढाच वेळ होता. तेवढ्यात माणूस काय करतो? हाताला फडकं बांधतो. मी — मी खोक्यातली माझी देशीची बाटली काढली आणि उस्मानच्या दाढीवर, सदऱ्यावर ओतली. तो शुद्धीत होता. माझ्याकडं बघत होता.

"पिऊन आल्ता, साहेब. जाळी ह्यानंच काढली."

वास तर येतच होता. नोंदणी झाली, टेंडर मिळालं, बाकांवर पोरं बसली. मी गोष्ट रंगवत गेलो — मिस्त्री एवढा तर्र होता की तुटलेली बोटं सहा मोजली, असं. मेहुण्यानं त्याला कामावरून काढलं. त्याच्या सासऱ्यानं, दारुड्याच्या घरी पोरगी नांदू देणार नाही म्हणून, त्याची बायको माहेरी नेली.

वर्षभरानं तो आला. हात खिशात. मला वाटलं, भरपाई मागतो.

"बोटं गेली, जाऊ द्या सेठ. माझ्या सासऱ्याला एवढंच सांगा, मी पेलेला नव्हतो. तुमचं ऐकतील ते."

जुम्म्याला नमाजानंतर येतो, म्हणालो. वर शपथही घेतली.

गेलोही. मोटारसायकलवर, त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. लांबून दिसलं — दारापुढं पाणी शिंपडलेलं, दोन खुर्च्या टाकलेल्या. एकीवर म्हातारा सासरा. दुसरी रिकामी, आणि उस्मान डाव्या हातानं ती पुसत होता.

मी गाडी वळवली.